वहिनीच्या विहिरीचं पाणी घेऊन कोल्हापूरला

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, अंबाबाईचं दर्शन झालं का, आणि दुसरा, तांबडा-पांढरा खाल्ला का. दोन्ही झालं. पण मी गेले होते कचरा बघायला. हे सांगितलं की माणसं निवृत्तीनंतर बाईंचं काहीतरी बिनसलंय अशा नजरेनं बघतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आमचं गाव जालन्याच्या बाजूचं, आठवडी बाजाराचं. तालुक्याच्या आणि आसपासच्या गावांच्या कचऱ्यासाठी आमच्या गायरानावर शास्त्रीय पद्धतीचा भराव करायचा, म्हणजे कचरा खड्ड्यात पुरून वर माती टाकायची, असा प्रस्ताव आला आणि गावात दोन तट पडले. गायरानाला लागून माझ्या थोरल्या भावाचं शेत. भाऊ गेला, आता वहिनी एकटी सगळं बघते. तिच्या विहिरीवर वस्तीतली दहा-बारा घरं पाणी भरतात. दारात तिनं एक रांजण ठेवलाय, आणि मी ज्या शाळेत विज्ञान शिकवलं तिथली पोरं मधल्या सुट्टीत वर्षानुवर्षं त्या रांजणावर तुटून पडत आली आहेत. शाळेतला नळ सोडून. "वहिनीच्या पाण्यासारखं गोड पाणी पंचक्रोशीत नाही," हे मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय.

ग्रामसभा पंधरा दिवसांवर आली होती. वहिनी म्हणेल तिकडे वस्ती जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि वहिनी मला म्हणाली, "वन्सं, मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही जाऊन पाहून या. माझ्या विहिरीला धक्का लागणार असंल तर नाही म्हणा. नसंल तर मी हात वर करते."

एवढा विश्वास अंगावर घेणं सोपं नसतं. असा भराव कोल्हापूरकडे चालू होता. मी रात्रीच बॅग भरली. निघताना तिनं सरबताच्या जुन्या काचेच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून दिलं. "तिथल्या लोकांना पाजा. म्हणावं, असल्या पाण्याशेजारी तुम्हाला कचरा पुरायचाय. एक घोट घ्या आणि मग बोला."

कोल्हापूर, पहिला दिवस

माझ्याबरोबर आमचे उपसरपंच दत्ताभाऊ होते. भराव व्हावा या मताचे, कारण त्याबरोबर पक्का रस्ता मिळणार होता. माणूस चांगला, पण त्याचं सगळं लक्ष पोटाकडे. सकाळी उतरल्या उतरल्या आम्ही मिसळ खायला गेलो. आमच्याकडे मिसळीबरोबर गोल पाव मिळतो, इथं ब्रेडच्या जाड स्लाइस पुढ्यात आल्या. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आमची पंचाईत ओळखली आणि सबंध हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पावणं, कट मागून घ्या की! लाजताय कशाला?" कट म्हणजे वरचा लालभडक रस्सा. दत्ताभाऊंनी तीनदा मागितला आणि दिवसभर त्याचं प्रायश्चित्त घेतलं. इथली माणसं भांडतायत की प्रेमानं बोलतायत हे कळायला मला अर्धा दिवस लागला. बहुतेक वेळा प्रेमानंच बोलत होती.

भरावाची जागा शहरापासून बऱ्यापैकी दूर. नेमकी कुठली ते लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांनी मोकळेपणानं सांगितलेलं उगाच कुणीतरी त्यांच्याच विरुद्ध वापरायचं. तिथल्या अभियंता मगदूमबाई आमची वाट बघत होत्या. कुरुंदवाडच्या, जैन शेतकरी घरातल्या, तिशीतल्या. पायात गमबूट, डोक्यावर टोपी आणि बोलणं स्वच्छ.

मी नाकाला पदर लावायच्या तयारीनं गेले होते. वास होता, नव्हता असं म्हणणार नाही. पण आमच्या गावच्या नाल्यात जो ढीग आहे, त्याच्या शंभर पावलं अलीकडेच जीव नकोसा होतो, तसा नव्हता. धूर नव्हता. घारी, डुकरं, कुत्र्यांच्या झुंडी नव्हत्या. आमच्याकडे ढीग वाढला की पेटवून देतात आणि संध्याकाळभर सगळा गाव खोकतो. त्याला आम्ही कचऱ्याची व्यवस्था म्हणतो.

मगदूमबाईंनी आम्हाला एका नव्या, अजून रिकाम्या कप्प्यापाशी नेलं. भला मोठा उतरता खड्डा. तळाला साधारण तीन फूट चिकण माती, रोलर फिरवून फिरवून दगडासारखी केलेली. तिच्यावर जाड काळं प्लास्टिक, त्याचे पट्टे एकमेकांना उष्णतेनं सांधलेले. त्यावर खडी आणि खडीत भोकं पाडलेले पाइप. कचऱ्यातून जे पाणी झिरपतं ते जमिनीत न जाता या पाइपांतून एका बंद टाकीत येतं आणि तिथून शुद्धीकरणाला जातं.

"आणि गॅस?" मी विचारलं. शिक्षकाची खोड, परीक्षा घेतल्याशिवाय राहवत नाही.

त्यांनी भरलेल्या कप्प्यावर उभे असलेले पाइप दाखवले. आत कचरा कुजून जो वायू होतो तो या वाटेनं काढून जाळतात, नाहीतर तो साठून पेट घेतो. इथं येतो तो कचराही निवडून उरलेला. ओला कचरा खताला जातो, विकाऊ वस्तू विकायला, आणि ज्याचं काहीच होत नाही तेवढंच पुरायचं.

चार वाजले तशी मगदूमबाईंची चुळबुळ सुरू झाली. दिवसभराचा कचरा दाबून झाला होता, पण मातीचा एक डंपर यायचा होता. त्यांनी फोनवर कुणाला तरी असं काही झाडलं की दत्ताभाऊ दोन पावलं मागे सरकले. माती आली. यंत्रानं ती कचऱ्यावर चार बोटं जाडीनं पसरली आणि बघता बघता तिथं कचरा आहे हे कळेनासं झालं. म्हणजे माशा नाहीत, उंदीर नाहीत, वाऱ्यानं उडणं नाही, आणि पाऊस आला तरी आत कमी मुरणार.

"उद्या सकाळी टाकली तर नाही का चालणार?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"आमच्या घरात सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं," मगदूमबाई म्हणाल्या. "मी इथंही तोच नियम लावला. दिवस मावळायच्या आत आधी ह्याला झाकायचं, मग डबा उघडायचा. हे उघडं राहिलं तर मी उपाशी. सगळ्यांना माहीत आहे, म्हणून उशीर करत नाहीत."

खरोखरच त्यांनी त्यानंतर डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. पाणी त्या घरून गाळून आणतात. पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून पिणाऱ्या घरातली बाई जमिनीतलं पाणी राखायला बसली आहे, याचं मला फार बरं वाटलं.

दुसरा दिवस, भरावाच्या खालच्या अंगाला

वहिनीची बाटली मी पिशवीत सांभाळून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रंगरावांच्या टेबलावर ठेवली. रंगराव म्हणजे भरावाच्या भोवतालचं पाणी तपासायला नेणारा माणूस. वय पन्नाशीच्या पुढं, कान पैलवानाचे, कुस्तीत मोडलेले, आणि आधीची सगळी नोकरी गावच्या दूध संस्थेत, सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट बघण्यात गेलेली.

"हे आमच्या विहिरीचं पाणी. तपासून सांगा कसं आहे," मी अभिमानानं म्हटलं.

त्यांनी बूच उघडून वास घेतला. "बाई, ह्यात आदी काय हुतं?"

"लिंबाचं सरबत. पण घासून धुतलीये."

"मग न्हाय चालत. तपासलं तर सरबतच निगंल."

सगळं आयुष्य मुलांना परीक्षानळी धुवायला शिकवलेली मी. दत्ताभाऊ खिडकीबाहेर बघून हसत होते. मला राग आला, तो रंगरावांचा नव्हता.

रंगरावांनी आम्हाला भरावाच्या खालच्या अंगाची बोअर दाखवली. अशा बोअर चारी बाजूंना. आधी ते बराच वेळ जुनं पाणी उपसून फेकतात, मग ताजं येतं ते बाटलीत घेतात. मी सरळच विचारलं, "तो प्लास्टिकचा काळा कागद फाटला तर?"

"फाटणारच न्हाय आसं मी लिवून देनार न्हाय," ते म्हणाले. "मानसानं केल्यालं हाय ते. म्हणून तर ही बोअरं मारल्यात. काय झालंच तर आदी हितं कळतंय, मग खालच्या वस्तीतल्या आक्कांच्या हिरीला. मधी टाईम घावतोय."

हे उत्तर मला आवडलं. कुणी शंभर टक्के सुरक्षित म्हणालं असतं, तर मी त्याच पावली परत फिरले असते. मगदूमबाईंनीही लपवलं नाही. भराव भरून बंद झाला, वर गवत उगवलं, तरी त्यानंतर किमान पंधरा वर्षं त्याच्याकडे बघत राहावं लागतं, असा नियमच आहे. "बांधणं सोपं आहे, बाई," त्या म्हणाल्या, "बघत राहणं अवघड." मी ते वहीत लिहून घेतलं.

मग रंगराव आम्हाला आक्काताईंकडे घेऊन गेले. भरावाच्या उतारावर सर्वांत जवळची विहीर त्यांची. सत्तरीची बाई, गोठ्यात चार म्हशी. आम्ही अंगणात पाय टाकला तशा आतूनच ओरडल्या, "या की पावणं! उनात का हुबा ऱ्हायलाय?" मग पितळेच्या ताटात गरम भाकरी, खर्डा आणि सुरीनं कापावं असं दही आलं. आमच्या ठेच्याला मी तिखट समजत होते. खर्डा खाल्ल्यावर आमचा ठेचा मला बाळगुटी वाटायला लागला.

आक्काताई स्वतःबद्दल बोलतात ते "मी गेलो, मी आलो" असं. तिकडच्या पुष्कळ बायका तशाच बोलतात आणि कानाला ते फार रुबाबदार वाटतं. मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत, एवढ्या जवळ कचरा पुरतात त्याची?"

"भ्या? आवो, मीच चार म्हशी घिऊन रस्त्यावर बसलोतो की! दोन दिस एक गाडी आत जाऊ दिली न्हाय."

आणि त्यांनी जी हकिगत सांगितली, तिच्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले.

भराव सुरू झाला त्या वर्षी वस्तीला निरोप आला, आपापल्या विहिरीचं पाणी आणून द्या, तपासून देतो. वस्ती सगळी दुधाची. घरात स्वच्छ भांडं कुठलं, तर दुधाची किटली. सगळ्यांनी किटल्या घासल्या, पाणी भरलं आणि नेऊन दिलं. आठ दिवसांनी अहवाल आला, वस्तीतल्या पाचही विहिरींच्या पाण्यात कुजणारी घाण. वस्तीत आकांत झाला. म्हशींना ते पाणी पाजायचं बंद झालं, एका घरातलं ठरलेलं लग्न पुढं ढकललं. आणि आक्काताई म्हशी घेऊन रस्त्यावर बसल्या.

"मग ह्यो आला," त्यांनी रंगरावांकडं बोट केलं. रंगराव त्याच वस्तीतले, तेव्हा दूध संस्थेत होते.

रंगराव खाली बघत म्हणाले, "माज्या डोक्यात एकच बसंना. माज्या चुलत्याची हीर वरल्या अंगाला हाय, भरावाच्या बी वर. तितं खालची घान चढली कशी? मग म्हणलं, पाणी न्ह्यालं कशातनं? तर किटलीतनं. किटली कितीबी घासा, झाकनाच्या कडंला दूध ऱ्हातंयच. आमी रोज बगतो की."

नव्या बाटल्यांतून पाणी पुन्हा नेलं. विहिरी ठीक निघाल्या. पण रंगराव तिथं थांबले नाहीत. भरावाच्या साहेबांकडे जाऊन म्हणाले, दूध आम्ही मालकासमोर तपासतो, मालकाला आकडा दाखवतो, आणि मालकाला पटलं नाही तर ठेवलेला नमुना पुन्हा लावतो. मग पाण्याला वेगळा न्याय का? तेव्हापासून त्यांना त्याच कामाला ठेवलं. दर महिन्याला ते दारात येतात. कोरी बाटली मालकासमोर उघडतात, त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळतात आणि तीन बाटल्या भरतात. एक तिथल्या तिथं जुजबी तपासायला, एक मोहोर लावून प्रयोगशाळेला आणि तिसरी मालकाच्या घरात.

"पण ठेवलेल्या पाण्यात बदल होतो," मी न राहवून म्हटलं. "तिसऱ्या बाटलीचा शास्त्राच्या दृष्टीनं काही उपयोग नाही."

"म्हायती हाय की," रंगराव शांतपणे म्हणाले. "पर मालकाच्या घरात बाटली आसली की मालकाला झोप लागती."

आक्काताईंच्या फडताळात देवाच्या तसबिरीशेजारी ती बाटली होती, चिठ्ठीवर तारीख लिहिलेली.

निघताना मला वहिनीची बाटली आठवली. तपासणीला चालली नाही, निदान पाजावी तरी. मी सगळी गोष्ट सांगितली. आक्काताईंनी बाटली हातात घेतली, तांब्यात ओतली आणि घटाघटा प्यायल्या. "ग्वाड हाय की वो! सांगा तुमच्या भावजयीला." उरलेलं दत्ताभाऊंनी संपवलं, खर्ड्यानं त्यांची जीभ अजून पेटलेली होती. माझी छाती अभिमानानं फुगली हे कबूल करते.

आम्ही उठलो तेव्हा रंगरावांनी तीन कोऱ्या बाटल्या माझ्या हातात दिल्या. "बाई, भराव हुईल न्हाईतर न्हाय. पर आदी हिरीचं पाणी तपासून ठेवा. आज कसं हाय तेच म्हायती नसंल, तर उद्या बिगडलं का न्हाय ते कशावरनं सांगनार?"

तिसरा दिवस, नृसिंहवाडी

परतीच्या दिवशी दत्ताभाऊंनी वाडीच्या दत्ताचा हट्ट धरला. नाव सार्थ करायचं होतं. कृष्णा आणि पंचगंगा भेटतात तिथल्या घाटावर आम्ही बसलो. पावसाळ्यात नदी देवळात शिरते, आणि लोक त्याकडे संकट म्हणून नाही तर सोहळा म्हणून बघतात. हे आमच्यासारख्या टँकरची वाट बघणाऱ्यांना समजायला जरा जड जातं.

पलीकडच्या काठावर झाडांच्या फांद्यांना, दोन पुरुष उंचीवर, प्लास्टिकच्या चिंध्या लोंबत होत्या. पूर ओसरताना अडकलेल्या. कुठल्या गावच्या कुणास ठाऊक. मला आमचा नाला आठवला. पावसाळ्यात तो ढीग निम्मा होतो, आणि आम्ही म्हणतो, चला, निम्मा कमी झाला. तो कुठं गेला असं मी विज्ञानाच्या तासाला एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या प्रयोगशाळेतल्या फुटक्या नळ्या आणि संपलेल्या रसायनांच्या बाटल्याही मी शिपायाला सांगून त्याच नाल्यात टाकायला लावत होते. आणि नाला कुठून येतो? वहिनीच्या शेताच्या वरच्या अंगानं.

वहिनीसाठी कवठाची बर्फी घेतली. हातात पिशवी होती, पण डोक्यातून तो नाला जाईना.

घरी

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या विहिरीवर वस्ती जमली. मी रंगरावांनी शिकवलं तसंच केलं. बाटल्या तिच्यासमोर उघडल्या, तीनदा विसळल्या, भरल्या. वहिनी कौतुकानं बघत होती. "कशाला एवढं, वन्सं? सोन्यासारखं पाणी आहे."

एक बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला दिली, एक मगदूमबाईंच्या सांगण्यावरून दुसरीकडे, पडताळ्याला, आणि तिसरी वहिनीच्या घरात ठेवली. दोन्ही अहवाल सभेच्या चार दिवस आधी आले. दोन्हींत एकच होतं: पिण्यास अयोग्य.

मगदूमबाईंना फोन केला, आकडे वाचून दाखवले, वरच्या अंगाच्या नाल्यातल्या ढिगाचंही सांगितलं. त्यांनी आकडे लिहून घेतले. मग म्हणाल्या की कचऱ्याचं पाणी मुरलं की हेच घटक वाढतात, उकिरड्याचाही वाटा असू शकतो, पण विहिरीच्या वर तो उघडा ढीग किती वर्षं आहे? मी म्हटलं, मला कळतंय तेव्हापासून. ज्या गोष्टीची आम्हाला भीती होती ती आमच्याकडे केव्हाच आलेली होती, आणि तिला ना माती होती, ना कागद, ना कुणी बघणारा माणूस.

वहिनीला सांगायला मी दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले. शेवटी सांगितलं. ती ओरडेल, अहवाल खोटा म्हणेल, असं वाटलं होतं. ती खाली बसली. तिनं पहिला प्रश्न ना भरावाचा विचारला, ना विहिरीचा.

"त्या कोल्हापूरच्या बाईनं पेलं का हो ते पाणी?"

खोटं बोलता आलं असतं. "पेलं," मी म्हटलं. "गोड आहे म्हणाली."

वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. गोड पाणी म्हणजे चांगलं पाणी नव्हे, हे मी पाचवीच्या वर्गाला शिकवत आले, आणि मधल्या सुट्टीत त्याच पोरांना या रांजणावर पाठवत आले. मी आक्काताईंना फोन लावला, वहिनीच्या हातात दिला. वहिनी माफी मागत राहिली. पलीकडून तो खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता: "एका तांब्यानं मला काय हुतंय, बाई! आदी तुमची पोरं बगा. आन त्यो ढीग हालवा!"

सभेत वहिनी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, "भराव करायचा तर करा, माझा हात वर आहे. पण आधी नाल्यातला ढीग उचलायचा. रोजच्या कचऱ्यावर दिवस मावळायच्या आत माती पडली पाहिजे. आणि माझ्या विहिरीचं पाणी दर महिन्याला माझ्या दारात, माझ्यासमोर तपासायचं. यातलं एक जरी चुकलं, तर मी रस्त्यावर बसंल. माझ्याकडं म्हशी नाहीत, पण वस्ती आहे." दत्ताभाऊंनी त्या अटी ठरावात शब्दाला शब्द लिहून घेतल्या, आणि रस्त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

वस्तीला सध्या टँकरचं पाणी येतं. रांजण वहिनीनं पालथा घालून ठेवलाय. पोरं सवयीनं येतात, बघतात, शाळेच्या नळाकडे वळतात. पालथ्या रांजणावर तिनं ती तिसरी बाटली ठेवली आहे, चिठ्ठीवर तारीख लिहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. शास्त्राच्या दृष्टीनं तिचा काही उपयोग नाही, हे मी वहिनीला सांगितलेलं नाही.